आखूड नळीच्या बंदुकीला मझल डिव्हाइस कोणतं लावावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखूड नळीची रायफल पहिल्यांदा हातात घेणारा माणूस दुर्बीण, दस्ता, पट्टा यांवर महिनाभर विचार करतो आणि नळीच्या तोंडावरचा तो बोटभर तुकडा कुणीतरी सुचवला म्हणून लावून टाकतो. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. नळी जितकी आखूड, तितकं त्या तुकड्याचं महत्त्व वाढतं. पुढचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

मझल डिव्हाइस म्हणजे नेमकं काय?

नळीच्या तोंडाला आट्यांवर फिरवून बसवलेला धातूचा भाग. गोळी त्याच्या मधून निघून जाते. काम असतं ते गोळीच्या मागून येणाऱ्या वायूवर. तो वायू कुठल्या दिशेला जाणार आणि किती भडकणार, हे हा भाग ठरवतो.

आखूड नळीत असं काय वेगळं होतं?

५.५६ मिमीचं काडतूस घेऊ. ते वाढलं २० इंची नळीच्या एम-१६ बरोबर. पुढे एम-४ मध्ये नळी साडेचौदा इंचांवर आली आणि एमके-१८ मध्ये १०.३ इंचांवर. काडतूस मात्र तेच राहिलं, त्यातली दारूही तेवढीच. २० इंचांतून सेकंदाला साधारण ९४० मीटर वेगानं निघणारी गोळी दहा-साडेदहा इंचांतून सव्वाशे ते दीडशे मीटर कमी वेगानं निघते. ही न वापरली गेलेली ऊर्जा तोंडाशी बाहेर पडते. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा दाब लांब नळीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि बुच उडावं तसा तो सुटतो.

आता भडक्याबद्दल. ‘न जळलेली दारू बाहेर येऊन पेटते’ असं सर्रास सांगितलं जातं. त्यात थोडं तथ्य आहे, पण डोळे दिपवणारा मोठा गोळा त्यामुळे होत नाही. दारू जळल्यावर जो वायू तयार होतो, त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतात. हे दोन्ही जळाऊ आहेत, फक्त नळीत त्यांना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. तोंडाबाहेर आले की ते हवेत मिसळतात. मिश्रण पुरेसं गरम असेल तर पेट घेतं. यालाच दुय्यम भडका म्हणतात. आखूड नळीतून निघणारा वायू जास्त गरम आणि जास्त दाबाचा असल्यामुळे पेटण्याची शक्यता फार वाढते. अंधाऱ्या रेंजवर दहा इंची नळीतून उघड्या तोंडानं गोळी झाडलेली पाहिली असेल, तर तो नारळाएवढा नारिंगी गोळा विसरता येत नाही. त्यानंतर काही क्षण समोरचं लक्ष्यच दिसत नाही.

प्रकार किती आहेत?

कामाच्या दृष्टीनं चार. फ्लॅश हायडर भडका होऊ देत नाही किंवा लहान करतो. मझल ब्रेक वायू दोन्ही बाजूंना आणि थोडा मागे वळवून धक्का कमी करतो. कॉम्पेन्सेटर वायू वर सोडतो, म्हणजे नळीचं तोंड खाली दाबलं जातं आणि उसळी कमी होते. चौथा प्रकार आवाज आणि हवेचा दणका पुढे ढकलतो. लिनिअर कॉम्पेन्सेटर या नावाचे तुकडे यात येतात, आणि नळीच्या टोकावर पेल्यासारखं बसणारं कवचही.

बाजारात यांची मिश्रणं भरपूर मिळतात. ‘तिन्ही कामं एकात’ असं लिहिलेलं असतं. वायू एकच आहे. तो बाजूला वळवला तर पुढे जात नाही, हे डोक्यात ठेवून त्या दाव्याकडे बघा.

धक्का कमी होतो म्हणतात. मग ब्रेकच का लावू नये?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्याही इथेच.

ब्रेक काम करतो, याबद्दल वाद नाही. तोंडातून पुढे सुटणारा वायू बंदुकीला मागे ढकलतो. तो बाजूला वळवला की तो ढकलणारा भाग कमी होतो. दाब जितका जास्त, तितका ब्रेकला वाव जास्त. त्यामुळे आखूड नळीवर तो कागदावर फारच चांगला दिसतो.

किंमत मोजतात ते कान, आणि शेजारी उभा असलेला माणूस. एकदा मी छताखालच्या रेंजवर बसलो होतो. शेजारच्या खणात एकानं साडेदहा इंची नळीवर तीन खिडक्यांचा ब्रेक लावलेला होता. मधे अर्ध्या उंचीची फळी होती. त्याची पहिली गोळी सुटली आणि माझ्या टेबलावरचा काडतुसांचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा सरकत कडेला गेला. कानावर मफ होते, तरी दणका छातीत आणि दातांत जाणवला. तिसऱ्या गोळीनंतर पलीकडचे दोघं सामान उचलून मागे जाऊन बसले. झाडणारा मात्र खूश होता, कारण त्याचा दुर्बिणीतला लाल ठिपका जागचा हलत नव्हता.

आणि ५.५६ चा धक्का मुळात आहे तरी केवढा? ज्या धक्क्याची तक्रार फारशी कुणी करत नाही, तो घालवण्यासाठी कानावरचा मार वाढवायचा, हा सौदा मला पटत नाही. मोकळ्या मैदानावर स्पर्धेत वेळेशी झुंजत असाल, आजूबाजूला कुणी नसेल आणि दोन गोळ्यांमधला क्षणाचा हिस्सा मोलाचा असेल, तर ब्रेक घ्या. बंद जागा, गाडी, भिंतीचा आडोसा किंवा शेजारी साथीदार यांपैकी काहीही शक्य असेल, तर आखूड नळीवर ब्रेक नको.

फ्लॅश हायडर काम कसं करतो? काटे चांगले की पिंजरा?

तोंडाबाहेर वायू एकगठ्ठा सुटला तर त्याच्यात एक आघातलहर उभी राहते आणि ती आधीच गरम असलेल्या मिश्रणाला आणखी तापवते. हायडरच्या फटी तो झोत लवकर फोडतात, लहर नीट उभीच राहू देत नाहीत, आणि मिश्रण पेटण्याच्या तापमानाखाली राहतं. म्हणजे हायडर ज्वाळा ‘झाकत’ नाही, ती तयारच होऊ देत नाही. नावावरून गैरसमज होतो. झाडणाऱ्यापुरता भडका आडवा करणारी शंकूच्या आकाराची जुनी झाकणं वेगळी.

भडका मारण्यात उघड्या काट्यांचे, म्हणजे तीन किंवा चार दातांचे हायडर सहसा सर्वांत सरस ठरतात. पण त्यांची अडचण जुनीच आहे. सुरुवातीच्या एम-१६ ला तीन काट्यांचा हायडर होता. व्हिएतनामच्या झाडोऱ्यात तो वेली-फांद्यांत अडकायचा. म्हणून पुढचं टोक बंद असलेला पिंजरा आला. त्याच्या फटी सगळीकडून होत्या. नंतरच्या ए-२ नमुन्यात खालची बाजू बंद केली, म्हणजे पालथं पडून झाडताना धूळ कमी उडते आणि तोंड वर उसळणंही थोडं आवरतं.

काट्यांची आणखी एक खोड: गोळी सुटल्यावर ते सूरकाट्यासारखे किणकिणतात. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला तरी ऐकू येतं. काहींना त्याचा त्रास होतो, मला नाही. काटे एकसारखे नसतील किंवा पिळदार कापलेले असतील तर हा नाद बराच कमी होतो.

ए-२ पिंजरा स्वस्त आहे म्हणून त्याला नावं ठेवू नका. साडेचौदा किंवा सोळा इंचांवर तो उत्तम आहे. दहा इंचांवर मात्र दम टाकतो, आणि तिथे चांगल्या काट्यांच्या हायडरवर खर्च केलेला पैसा अंधारात लगेच दिसतो.

पुढे ढकलणारं कवच कितपत उपयोगी?

झाडणाऱ्याला आणि शेजाऱ्याला खराखुरा आराम मिळतो. एकूण आवाज कमी होत नाही, त्याची दिशा बदलते. पुढे उभ्या असलेल्याला तो तितकाच, किंबहुना जास्त लागतो. भडक्याच्या बाबतीत बहुतेक कवचं काहीच करत नाहीत, काही तर तो वाढवतात. दिवसा छताखालच्या रेंजवर सराव करणाऱ्याला मी हे आनंदानं सुचवीन. काही हायडर असे मिळतात की त्यांच्यावरच कवच चढवता येतं आणि हवं तेव्हा काढता येतं. आखूड नळीसाठी ही जोडी मला सर्वांत समजूतदार वाटते.

एकेएस-७४यू च्या तोंडावर तो डबा कशासाठी असतो?

चांगला प्रश्न. आखूड नळी म्हणजे भडका आणि आवाज एवढंच नाही, हे त्या डब्यातून समजतं. एकेएस-७४यू म्हणजे एके-७४ या सोव्हिएत रायफलीचा आखूड नमुना. एके-७४ ची नळी ४१५ मिमी, तर एकेएस-७४यू ची २०६.५ मिमी. बंदुकीची यंत्रणा चालवायला नळीतल्या एका छिद्रातून वायू घेतला जातो आणि तो पिस्टनला मागे ढकलतो. नळी निम्म्यावर आली की त्या छिद्रानंतर गोळीला फार थोडं अंतर उरतं. गोळी बाहेर पडते, दाब कोसळतो आणि पिस्टनला ढकलायला वेळच मिळत नाही. म्हणून तोंडावर एक पोकळी बसवली. गोळी तिच्यातून पार होईपर्यंत दाब टिकतो आणि यंत्रणा पूर्ण मागे जाते. पुढचा शंकू भडक्यासाठी. तो डबा काढून साधा तुकडा लावला तर अशी बंदूक अडखळू शकते.

एम-१६ चा आखूड नमुना असलेल्या अमेरिकेच्या एक्सएम-१७७ च्या तोंडावरही असाच लांब ‘मॉडरेटर’ होता. आवाज आणि भडका कमी करण्यासाठी तो आला, पण बंदुकीचं चालणंही त्याच्यावर बेतलेलं होतं. पुढे तिथल्या सरकारी यंत्रणेनं त्याची गणना चक्क सायलेन्सरमध्ये केली.

एआर पद्धतीच्या, म्हणजे एम-१६ च्या घराण्यातल्या रायफलीत साधा हायडर आणि ब्रेक यांच्या अदलाबदलीनं यंत्रणेवर फारसा परिणाम होत नाही. पण तुमची बंदूक मुळातच काठावर चालत असेल, तर नवीन तुकडा लावल्यावर आधी कागदी लक्ष्यावर सराव करून खात्री करा.

काडतुसाप्रमाणे निवड बदलते का?

खूपच. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस लवकर जळणारी दारू घेऊन आखूड नळीसाठीच बेतलेलं आहे. नऊ इंचांत त्यातली दारू जवळपास संपते. तिथे साधा पिंजराही भागवून नेतो. ९ मिमीच्या कार्बाइनमध्ये दाब आणि वायू दोन्ही कमी असतात, त्यामुळे ब्रेकला वळवायला फारसं काही मिळत नाही. तिथे मोठमोठे ब्रेक म्हणजे पुढे टांगलेलं वजन. उलट ७.६२×५१ ची बारा इंची नळी असेल, तर या लेखातल्या सगळ्या तक्रारी दुप्पट समजा.

आणि दारू कुठली हेही बघा. भडका दबवणारे पोटॅशियमचे क्षार मिसळलेली दारू असते, तशी नसलेलीही असते. त्याच नळीवर, त्याच हायडरवर नुसतं काडतूस बदललं की भडका मुठीएवढ्याचा बोराएवढा झालेला मी पाहिला आहे. म्हणून तुकडा विकत घेण्याआधी दोन-तीन प्रकारची काडतुसं संध्याकाळी झाडून पाहा.

आटे जुळले म्हणजे झालं ना?

नाही. या एका उत्तरासाठी तरी हे पान कुणीतरी शेवटपर्यंत वाचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एआर पद्धतीच्या ५.५६ नळीवर १/२-२८ आटे असतात, म्हणजे अर्धा इंच व्यास आणि इंचाला २८ फेरे. पुष्कळ ९ मिमी नळ्यांवरही तेच १/२-२८. म्हणजे ५.५६ चा हायडर ९ मिमीच्या नळीवर अगदी सुरळीत फिरत बसतो. हाताला काहीही वेगळं जाणवत नाही. पण ५.५६ ची गोळी साधारण ५.७ मिमी जाडीची, आणि ९ मिमीची नावाप्रमाणे ९. पहिलीच गोळी त्या अरुंद भोकावर आदळते. मग तुकडा उडतो, फुटतो किंवा नळी फुगते, आणि आसपास कोण उभं आहे त्यावर पुढचं ठरतं.

म्हणून आटे बघा आणि भोकही बघा. .३०८ आणि .३०० ब्लॅकआउटवर सहसा ५/८-२४ आटे येतात. एकेएमच्या घराण्यात १४×१ चे डावे आटे असतात, एके-७४ वर २४×१.५ चे. ‘साधारण बसतोय’ असं वाटलं की थांबा. तुकड्यावर काडतुसाचा आकार कोरलेला नसेल तर कॅलिपरनं भोक मोजा. मोजता येत नसेल तर तो लावू नका.

एका जुन्या ब्रेकच्या आतल्या बाजूला मी टॉर्च मारून पाहिलं होतं. शेवटच्या खिडकीच्या कडेला नखाएवढी तांब्याची चकचकीत रेघ होती. आटे बरोबर, भोक बरोबर, पण नळीचा खांदा, म्हणजे तुकडा जिथे टेकतो ती आट्यांमागची कड, सरळ कापलेला नव्हता. गोळी दर वेळी चाटून जात होती. मालक सहा महिने नेम चुकतो म्हणून दुर्बिणीला दोष देत होता.

बसवताना क्रश वॉशर की शिम?

काटे सगळीकडून सारखे असतील तर दिशा जुळवायचीच नसते. खांद्यावर घट्ट बसवा, झालं. ए-२ किंवा ब्रेक असेल तर वरची बाजू वर यायला हवी, म्हणून मधे काहीतरी लागतं. क्रश वॉशर चेपत जातो आणि हव्या जागी तुकडा थांबवतो. एकदा चेपला की पुन्हा वापरू नये. त्याचा दोष असा की तो सगळीकडून सारखा चेपलाच असेल याची खात्री नसते, त्यामुळे पुढे सप्रेसर (म्हणजे सायलेन्सर) चढवायचा असेल तर क्रश वॉशर चालत नाही. तिथे पातळ सपाट शिमच.

बंदूक रिकामी, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासलेलं. पाना फिरवताना नळीलाच आधार हवा. रिसीव्हर (बंदुकीचा मधला सांगाडा) शिकंज्यात धरून पाना ओढला तर नळी जागेवर ठेवणाऱ्या छोट्या पिनवर सगळा पीळ येतो. आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद, म्हणजे साधं लाल थ्रेडलॉकर, साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंतच धरतं, आणि आखूड नळीचं तोंड सलग झाडताना त्यापुढे सहज जातं. उष्णता सोसणारं सिरॅमिक पद्धतीचं मिळतं, ते वापरा.

पुढे कधीतरी सप्रेसर लावायचा विचार आहे. आत्ता काय घेऊ?

मग आधी सप्रेसर ठरवा, आणि त्याला चालणारा माउंट, म्हणजे सप्रेसर ज्यावर चढतो तो हायडर किंवा ब्रेक, आत्ताच तोंडावर बसवा. उलट क्रमानं गेलात तर दोनदा पैसे जातात. इथे ब्रेकची एक जमेची बाजू मान्य करायला हवी: सप्रेसरच्या आत बसलेला ब्रेक पहिल्या पडद्यावर, म्हणजे वायू अडवणाऱ्या आतल्या चकतीवर, येणारा मार स्वतः झेलतो. आखूड नळीतला गरम, दाणेदार झोत तो पडदा झिजवतो, त्यामुळे ही गोष्ट क्षुल्लक नाही. पण सप्रेसर न लावता जितका वेळ बंदूक वापरणार, तितका वेळ तो ब्रेक उघडाच राहणार. माझा कौल तिथेही हायडर-माउंटकडे झुकतो. प्रत्येक सप्रेसरला किमान नळीची लांबी ठरवून दिलेली असते, ती वाचल्याशिवाय घेऊ नका.

तुकडा हँडगार्डच्या आत लपवला तर छान दिसतो. चालेल?

बाजूला वायू सोडणारा असेल तर अजिबात नाही. तो वायू हँडगार्डच्या, म्हणजे नळीभोवतीच्या हातानं धरायच्या आवरणाच्या, भिंतीवर आदळतो, फटींतून हातावर येतो आणि पुढे लावलेल्या दिव्याची काच काळी करतो. पुढे ढकलणारं कवच असेल तर काही अंशी चालतं. पण आखूड नळीवर मोठी काळजी बोटांची आहे. पुढचा हात तोंडाजवळ सरकतो, आणि धांदलीत केव्हा पुढे गेला ते कळत नाही. हँडगार्डच्या टोकाशी एक अडसर लावून ठेवा.

नळी आखूड ठेवायची आणि लांब तुकडा लावायचा, यात अर्थ काय?

कधी कधी काहीच नाही. साडेदहा इंचांवर अडीच इंचांचा तुकडा लावला की तेरा इंच झाले. तेवढ्यात साडेअकरा इंची नळी आणि लहान हायडर आले असते, गोळीला वेग मिळाला असता आणि भडका आपोआप कमी झाला असता. नळी अजून घेतली नसेल तर हा हिशेब आधी करा.

अमेरिकेत तुकडा कायमचा जोडला की नळीची लांबी वाढलेली धरतात, हे खरं का?

खरं. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे १६ इंचांपेक्षा कमी नळीची रायफल आणि १८ इंचांपेक्षा कमी नळीची शॉटगन नोंदणीखाली येते. नळी मोजताना कायमचा जोडलेला तुकडा धरला जातो, नुसता आट्यांवर फिरवलेला नाही. म्हणून साडेचौदा इंची नळीवर लांब हायडर पिन घालून, वर वेल्ड करून १६ इंच पुरे करतात. या नोंदणीसाठी लागणारा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफल आणि सप्रेसर यांच्यासाठी शून्य झाला, नोंदणी मात्र तशीच आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत फ्लॅश हायडर हीच बंधनाची बाब ठरू शकते, तेव्हा राज्याचा कायदा वेगळा पाहावा लागतो. पिन ठोकण्याआधी गॅस ब्लॉक (नळीतला वायू यंत्रणेकडे वळवणारा भाग) आणि हँडगार्ड कायमचे ठरवा, नंतर ते निघत नाहीत.

कानांसाठी काय?

१४० डेसिबलच्या पुढचा एकच आघात कायमचं नुकसान करू शकतो. ५.५६ ची रायफल १६० च्या पुढे जाते. आखूड नळी आणि ब्रेक ते आणखी वर नेतात. छताखाली आत प्लग आणि वर मफ, दोन्ही एकदम. कोणताही मझल डिव्हाइस याला पर्याय नाही, सप्रेसरसुद्धा नाही.

लावल्यावर किती दिवसांनी बघायचं?

दर सरावानंतर. पांढऱ्या रंगाच्या पेननं तुकडा आणि नळी यांच्यावर मिळून, नळीच्या लांबीच्या दिशेनं एक रेघ मारून ठेवा. तुकडा केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ तुटली असेल तर नुसता हातानं आवळून पुढे झाडू नका. काढा, आटे साफ करा, नवीन वॉशर घाला, पुन्हा बसवा. आणि बंदूक रिकामी केल्यावर, बोल्ट काढून, मागच्या बाजूनं नळीतून उजेडाकडे पाहा. नळीचं गोल आणि तुकड्याचं गोल एकात एक दिसले पाहिजेत, सगळीकडून सारखी फट ठेवून.